खोकल्याला हातभार



खोकला म्हटले की आपले लक्ष तो थांबवण्याकडे जाते. घरात कोणी रात्री दोनदा खोकलले, तरी आजीचा हात आल्याच्या तुकड्याकडे आणि सुनेचा हात औषधाच्या बाटलीकडे वळतो. आज ज्या रुग्णांविषयी लिहायचे आहे, त्यांच्या घरात मात्र उलटा प्रकार करावा लागतो. तेथे खोकला आणवावा लागतो, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या हातांनी.

स्नायू आणि स्नायूंना चालना देणाऱ्या नसा यांच्या आजारांनी दुबळे झालेले हे रुग्ण. मुलग्यांत तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या सुमारास लक्षात येणारा ड्यूशेन स्नायुक्षय, तान्ह्या बाळांतही आढळणारी स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी आणि बहुधा पन्नाशी-साठीत गाठणारा मोटर न्यूरॉन आजार ही त्यांतील ठळक नावे. लहानपणी पोलिओ होऊन गेलेल्या काही ज्येष्ठांची शक्ती उतारवयात पुन्हा ओसरू लागते, त्यांचाही यात समावेश करावा लागेल. अशा माणसाचे पाय गेले, हात उचलेनासे झाले, हे सर्वांना दिसते. चाकाची खुर्ची दारात येते, शेजारी हळहळतात. छातीचे आणि पोटाचे स्नायूही क्षीण होत आहेत, हे मात्र घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. मग एखाद्या हिवाळ्यात साधी सर्दी होते, कफ खाली उतरतो, तो बाहेर टाकण्याइतका जोर उरलेला नसतो, आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने जीव धोक्यात येतो.

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात एका घरी मी गेलो होतो, तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती. सर्वत्र भुसा आणि धूळ. आईवडील शेतात, आणि ड्यूशेन स्नायुक्षय असलेला सोळा वर्षांचा मुलगा आजीच्या ताब्यात. त्याला चार दिवसांपासून सर्दी होती. आजी म्हणाल्या, "पोट्टं खोकलतच नाही, तं म्या म्हटलं बरं हाये." मी मुलाच्या पाठीला कान लावला, तर आत घरघर होती. खोकला येत नव्हता, कारण खोकण्याची ताकदच राहिली नव्हती. आजींची यात काहीच चूक नव्हती. इतक्या वर्षांत कोणी त्यांना हे समजावून सांगितले नव्हते.

खोकला ही क्रिया आपल्याला क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात तिला तीन टप्पे आहेत. आधी माणूस खोल श्वास घेतो. मग घशातील स्वरयंत्राची झडप क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका वेळ, घट्ट मिटते आणि पोटाचे व बरगड्यांमधील स्नायू आवळून आत दाब निर्माण करतात. त्यानंतर झडप एकाएकी उघडते आणि हवेचा झोत कफाला घेऊन बाहेर येतो. स्नायूंच्या आजारात पहिला टप्पा अपुरा राहतो, कारण छाती भरत नाही. तिसरा अपुरा राहतो, कारण पोट आवळत नाही. घशाचे स्नायू गेले असतील तर मधला टप्पाही हातचा जातो. मदत कोणत्या टप्प्याला करायची, यावर पुढचे सर्व उपाय बेतलेले आहेत.

या झोताचा वेग मोजता येतो. दम्याचे रुग्ण ज्या नळीत फुंकर मारतात, ते पीक फ्लो मीटर आपण पाहिले असेल. औषधाच्या मोठ्या दुकानात ते काही शे रुपयांत मिळते. त्यात फुंकण्याऐवजी जोराने खोकायचे, तीनदा, आणि त्यांतला मोठा आकडा लिहून ठेवायचा. ओठांची पकड ढिली असेल तर नळीला मुखवटा जोडावा. निरोगी प्रौढाचा आकडा मिनिटाला ३६० लिटरच्या वर असतो. २७० च्या खाली आला, तर सर्दी झाली की खोकला कमी पडणार असे समजावे आणि सहाय्य शिकायला घ्यावे. १६० च्या खाली कफ बाहेर पडण्याची आशा जवळजवळ धरू नये. हे आकडे प्रौढ आणि मोठ्या मुलांसाठी आहेत. लहान बालकांना ते लागू पडत नाहीत. ड्यूशेनच्या रुग्णांसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही २७० ही रेषा सांगितली आहे. माझा आग्रह असा की ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथे दर तीन महिन्यांनी हा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिला जावा. रक्तदाबाचा आकडा आपण लिहितोच ना?

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. पहिला उपाय छाती भरण्याचा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असणारी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबायची रबरी किंवा सिलिकॉनची पिशवी, येथे कामी येते. रुग्णाला टेकून बसवावे. नाकातोंडावर मुखवटा नीट बसवावा. तो श्वास घेऊ लागला की पिशवी हलकेच दाबावी. आत गेलेली हवा त्याने सोडायची नाही, धरून ठेवायची. त्यावर दुसरा दाब, मग तिसरा. छाती भरल्याची खूण त्याने डोळ्यांनी किंवा बोटाने करताच मुखवटा काढावा आणि त्याने खोकावे. असे तीन ते पाच वेळा, दिवसातून दोनतीनदा. एकेरी झडप बसवलेली खास पिशवीही यासाठी मिळते, तिच्यात हवा धरणे सोपे जाते. पण त्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे की बेशुद्ध माणसाला श्वास देण्यासाठी ती वापरायची नाही, कारण तिच्यातून उच्छ्वास परत येऊ शकत नाही. गडबडीच्या वेळी घरात कोण काय उचलील, सांगता येत नाही.

दुसरा उपाय पोटाला जोर देण्याचा. छाती भरली की काळजीवाहकाने दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर ठेवावेत आणि रुग्ण खोकतो त्याच क्षणी आत व वरच्या दिशेने झटका द्यावा. क्षण चुकला तर नुसते पोट दुखते, साधत काही नाही. म्हणून "एक, दोन, खोक" असे मोठ्याने मोजण्याची सवय लावावी. पिशवी आणि हात हे दोन्ही उपाय एकत्र केले, तर खोकल्याचा आकडा एकेका उपायापेक्षा चांगला वाढतो. त्या सोळा वर्षांच्या मुलाचा पहिला आकडा २०० च्या आत होता. पिशवीने छाती भरून, आजींचे हात पोटावर ठेवून चौथ्या प्रयत्नाला त्याने जो कफ टाकला, तो पाहून आजी दचकल्या. एवढे याच्या छातीत होते, यावर त्यांचा विश्वास बसेना.

येथे काही गोष्टी मोकळेपणाने सांगायला हव्यात. जेवणानंतर दीड-दोन तास पोटावर दाब देऊ नये. उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. ड्यूशेनची मुले वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेत असतात, त्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात. बरगडीवर कधीही दाब पडू देऊ नये. पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, पोटातून अन्ननळी बसवलेली असेल, कफात रक्त दिसत असेल किंवा छातीत पूर्वी हवा साठली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीच करू नये. आणि हे सारे लेख वाचून शिकण्याचे नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाने एकदा आपल्यासमोर करून दाखवावे, मग आपल्याकडून करून घ्यावे. घरातील निदान दोघांना ते आले पाहिजे. ज्या एकट्या माणसाला येते, नेमका तोच तापाने अंथरुणाला खिळला की घर उघडे पडते.

शिकवणाऱ्याचा शोध कोठे घ्यावा, हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, तरी मोठ्या दुखण्याला आजही पावले अकोल्याकडेच वळतात, आणि वाशिमहून ते अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. रिसोड किंवा मानोऱ्याच्या आडगावातून निघणाऱ्याला आधी तालुक्याचे गाव गाठावे लागते. वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, ही आशेची गोष्ट आहे. या आजारांच्या तज्ज्ञांसाठी मात्र नागपूर, मुंबई गाठावीच लागते. मी कुटुंबांना असे सुचवतो की निदानासाठी नागपूर-मुंबईची वारी होईल, त्याच फेरीत "आम्हाला खोकल्याचे सहाय्य शिकवा" असे स्वतःहून म्हणावे आणि शिकताना रुग्णाच्या परवानगीने मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवावी. गावातल्या आशाताईंना आणि आरोग्य केंद्राच्या परिचारिकेलाही ती दाखवावी.

आता यंत्राविषयी. ज्याला कफ असिस्ट म्हणतात, ते यंत्र मुखवट्यातून दोन-तीन सेकंद दाबाने हवा आत भरते आणि लगेच दाब उलटवून ती खेचून घेते. या अचानक उलटण्यानेच खोकल्यासारखा झोत तयार होतो. चार-पाच श्वासांचे एक आवर्तन, मग विसावा, तोंडात आलेला कफ पुसणे, पुन्हा आवर्तन, अशी चार ते सहा आवर्तने होतात. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. सुरुवात १५-२० पासून करून रुग्णाला सोसवेल तसा बहुधा ४० पर्यंत नेतात. पहिल्या दिवशी रुग्ण घाबरतो, हे गृहीत धरावे. मुखवटा आधी हातावर लावून हवेची ओढ त्याला अनुभवू द्यावी, म्हणजे भीती कमी होते.

हे यंत्र नवे नाही, याचे वाचकांना नवल वाटेल. आपल्यापैकी सत्तरी ओलांडलेल्यांना पोलिओने लुळी पडलेली मुले आठवत असतील. त्याच पोलिओच्या साथीत, १९५० च्या दशकात, अमेरिकेत खोकला आणवणारे पहिले यंत्र रुग्णांसाठी वापरात आले. लोखंडी फुप्फुसात झोपलेल्या रुग्णांचा कफ काढायचा कसा, हा तेव्हाचा पेच होता. पुढे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याची आणि तिच्यातून कफ खेचण्याची रीत रूढ झाली आणि हे यंत्र अडगळीत गेले. १९९३ च्या सुमारास जे. एच. एमर्सन यांच्या कंपनीने ते पुन्हा बाजारात आणले. न्यू जर्सीचे डॉ. जॉन बाख यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. गळ्याला छिद्र न पाडताही अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे घरी सांभाळता येते, असे त्यांनी दाखवले. छिद्र पाडल्यावर बहुधा काय जाते, ते स्टीफन हॉकिंग यांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. १९८५ मध्ये न्यूमोनिया झाल्यावर त्यांच्या गळ्यात नळी बसवावी लागली. प्राण वाचले, आवाज कायमचा गेला.

यंत्राची किंमत काही लाखांच्या घरात आहे. मोठ्या शहरांत ते भाड्यानेही मिळते. आपल्या राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत. घरी नेण्याच्या यंत्राचा खर्च त्यांतून भागेल या भरवशावर राहू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे, त्यांत स्नायुक्षयाचे नाव स्वतंत्रपणे आहे. तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवावे. दानशूर संस्थेकडे वा शासनाकडे मदत मागताना पहिला कागद तोच मागितला जातो. सोलनच्या मानव मंदिरात स्नायुक्षयाच्या रुग्णांसाठी काम चालते, तेथून पत्राने वा दूरध्वनीने सल्ला मागता येईल.

यंत्र घ्यावे की नाही, याचे उत्तर मी सरसकट देणार नाही, पण माझे मत लपवणारही नाही. ज्या घरी पिशवी आणि हात यांनी आकडा २७० च्या वर जातो, त्या घराने यंत्रासाठी एकर-दोन एकर शेत विकण्याची घाई करू नये. ज्या रुग्णाचा कणा वाकला आहे, छाती कडक झाली आहे, वर्षातून दोनदा रुग्णालयात भरती व्हावे लागते, किंवा ज्याची देखभाल करणाऱ्याचे स्वतःचे मनगट आणि कंबर थकले आहेत, तेथे यंत्राची गरज खरी आहे. त्या आजींचे वय सदुसष्ट होते. दिवसातून तीन वेळा झटका द्यायचा आणि सर्दीत दर दोन तासांनी द्यायचा, हे त्यांच्या हातांना किती दिवस झेपणार होते? काळजी घेणाऱ्याचे शरीर हाही हिशेबात धरण्याचा आकडा आहे, हे आम्ही वैद्यकीय मंडळीही विसरतो. यंत्र आणलेच, तर वीज जाण्याची सोय आधी करावी. वादळी पावसात खेड्यातली वीज रात्र रात्र नसते. यंत्राला बॅटरी आहे का, घरच्या इन्व्हर्टरवर ते चालते का, हे घेण्यापूर्वी तपासावे. आणि पिशवी जवळ असावीच, ती विजेवाचून चालते.

मोटर न्यूरॉन आजारात घसा आधी गेलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. बोलणे बोबडे झाले आहे, पाण्याने ठसका लागतो, अशा रुग्णाला हवा धरून ठेवता येत नाही. यंत्राचा दाब जास्त झाला तर त्याचे स्वरयंत्र उलट मिटते. तेथे दाब हळूहळू, तज्ज्ञाच्या नजरेखालीच वाढवावा लागतो. अशा रुग्णाला काढा किंवा गरम पाणी घोट घोट पाजणे हे मायेचे कृत्य वाटले, तरी ते छातीत उतरू शकते. आणि त्याला यंत्र, नळी, भरती यांपैकी काय हवे आणि काय नको, हे त्याचे बोलणे शाबूत असतानाच विचारून लिहून ठेवावे. पुढे आपण अंदाज बांधत बसतो आणि भाऊ-बहिणींत भांडणे होतात.

घरोघरी होणाऱ्या काही चुकांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. खोकला दाबणारी औषधे या रुग्णांना देऊ नयेत. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून झोपेच्या गोळ्याही नकोत. पाठ थोपटल्याने कफ सुटतो, बाहेर पडत नाही. तोंडातला कफ खेचण्याचे यंत्र तोंड व घसा साफ करते. फुप्फुसाच्या तळापर्यंत ते पोहोचत नाही.

सर्वांत घातक गैरसमज ऑक्सिजनविषयी आहे. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, आकडा उतरला की ऑक्सिजन लावायचा हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. स्नायूंच्या आजारात आकडा ९५ च्या खाली गेला, तर बहुधा कफ अडकलेला असतो किंवा छातीचा भाता अपुरा हलत असतो. अशा वेळी आधी बोटे उबदार करून आकडा पुन्हा पाहावा, मग शिकवल्याप्रमाणे खोकला आणवावा. आकडा वर आला तर पुढचे दोन-तीन तास लक्ष ठेवावे. तो वर येत नसेल, श्वासाची गती वाढली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. नुसता ऑक्सिजन लावला तर आकडा शंभराजवळ दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. सकाळी डोके जड असणे, दिवसा डुलक्या येणे, रात्री दचकून उठणे ही तो साचत असल्याची लक्षणे आहेत. ती दिसली की श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राचा विचार करावा लागतो. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

म्हणून एक कागद आजच तयार करावा. त्यावर आजाराचे पूर्ण नाव, बरे असतानाचा खोकल्याचा आकडा, ऑक्सिमीटरचा नेहमीचा आकडा, चालू औषधे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी, आणि खाली ठळक अक्षरांत : "श्वासाला आधार दिल्यावाचून व कार्बन डायऑक्साइड तपासल्यावाचून नुसता ऑक्सिजन देऊ नये. कफासाठी खोकल्याचे सहाय्य द्यावे." हा मजकूर आपल्या डॉक्टरांना दाखवून त्यांची सही घ्यावी. रात्री दोन वाजता अपघात विभागातील तरुण डॉक्टरने असा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसेल, तर त्याला या कागदाचा उपयोग होतो. कागदासोबत पिशवी, मुखवटा आणि यंत्र असेल तर यंत्रही न्यावे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला द्यावी. फ्लूची लस काळजी घेणाऱ्यानेही घ्यावी. मुखवटा रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. मळणीच्या दिवसांत रुग्णाची खाट खळ्यापासून दूरच्या खोलीत हलवावी.

मालेगावच्या त्या घरी दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा दिनदर्शिकेवर तीन आकडे लिहिलेले होते, आणि शेवटचा मुलाच्या अक्षरात होता. वेळ मोजण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले होते. आजींनी उशीर केला की तो रागावतो, अशी त्यांची तक्रार होती.